परदेशातले वर्ष कोणाचे?

दरवर्षी श्रावणाच्या सुमारास आपल्याकडील काही सुशिक्षित कुटुंबांत एक विशिष्ट धांदल सुरू होते. घरातील कर्त्या पुरुषाला अगर स्त्रीला परदेशी विद्यापीठाची वर्षभराची शिष्यवृत्ती मिळालेली असते, किंवा कचेरीने तिकडील कामावर नेमणूक केलेली असते. रजा मंजूर होते, पारपत्रे तयार होतात, आणि मग उरतो तो मुलांचा प्रश्न. तो बहुधा सर्वांत शेवटी विचारात घेतला जातो, आणि त्याचे उत्तरही ठरलेले असते : ‘लहान आहेत, कुठेही रुळतील.’ हे उत्तर सोयीचे आहे. ते कितपत खरे आहे, याचा विचार मात्र क्वचितच होतो.

असा वर्षभराचा प्रवास आता केवळ धनिकांचा राहिलेला नाही. भारत आणि अमेरिका यांच्यात १९५० साली झालेल्या करारापासून फुलब्राइट योजनेखाली आपले अध्यापक व संशोधक तिकडे जात आले आहेत. २००८ पासून त्या योजनेला नेहरूंचेही नाव जोडले गेले. त्याखेरीज इतर देशांच्या शिष्यवृत्त्या आहेत, आणि गेल्या तीन दशकांत संगणक व्यवसायाने तर अशा अल्पकालीन वास्तव्याचा मार्ग मध्यमवर्गाच्या दारापर्यंत आणून सोडला आहे. जाणाऱ्याचा त्यात लाभ आहे, यात शंका नाही. प्रश्न आहे तो त्याच्याबरोबर नेल्या जाणाऱ्यांचा.

चाळीस वर्षांच्या माणसाच्या आयुष्यात एक वर्ष म्हणजे एक चाळिसांश भाग. चार वर्षांच्या मुलाच्या बाबतीत तेच वर्ष म्हणजे त्याच्या आजवरच्या आयुष्याचा चौथा हिस्सा होतो. आईबापांच्या लेखी जो मधला एक टप्पा असतो, तो मुलाच्या लेखी एक पर्व असते. याच वर्षात त्याची भाषा घडत असते, अक्षरओळख होत असते, आजी-आजोबा कोण आणि सवंगडी कोण यांच्या खुणा मनात पक्क्या होत असतात. तेव्हा परदेशातल्या या वर्षाचा हिशेब दोन मापांनी करावयास हवा. आपण तो एकाच मापाने, मोठ्यांच्या मापाने करतो, ही यातील मूळ चूक आहे.

कायमच्या स्थलांतरापेक्षा हे वास्तव्य निराळे असते, हेही ध्यानात घेतले पाहिजे. जे कुटुंब कायमचे जाते त्याच्या मुलांना एकदाच उपटून दुसरीकडे लावले जाते. जे वर्षभरासाठी जाते त्याच्या मुलांना दोनदा उपटले जाते. नव्या मातीत मुळे धरू लागतात न लागतात तोच परतण्याची वेळ येते. म्हणून वर्षभरासाठी जाणाऱ्यांनी जाण्याइतकीच परतण्याची तयारी करावयास हवी, आणि तीही जाण्यापूर्वी. व्यवहारात मात्र सारे लक्ष जाण्याकडे असते आणि परतणे दैवावर सोपविलेले असते.

मराठी माणसाला हा प्रश्न नवा नाही. पंडिता रमाबाई १८८३ साली इंग्लंडला गेल्या तेव्हा त्यांची कन्या मनोरमा जेमतेम दोन वर्षांची होती. वँटेज येथील भगिनींच्या आश्रयाने त्या राहिल्या, आणि पुढे १८८६ साली आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभाच्या निमित्ताने अमेरिकेस गेल्या. त्या काळातला रमाबाईंचा पत्रव्यवहार महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने १९७७ साली प्रसिद्ध केला. धर्ममताविषयीचे त्यातील वाद सर्वपरिचित आहेत. परंतु लहानग्या मनोरमेला कोणी काय शिकवावे, तिच्यासंबंधीचा अखेरचा निर्णय कोणाचा, हाही त्या पत्रांतला एक कळीचा मुद्दा आहे. परक्या देशात, परक्यांच्या उपकाराखाली राहत असतानाही त्या मातेने हा हक्क दुसऱ्याच्या हाती जाऊ दिला नाही. मुलाला परदेशी नेणे म्हणजे त्याला केवळ सोबत नेणे नव्हे, तर त्याच्या घडणीची जबाबदारी दुप्पट दक्षतेने पाहणे, हा धडा त्यांच्यापासून घेण्यासारखा आहे.

मुलांना नेता येईल की नाही, हे आज सर्वस्वी आईबापांच्या इच्छेवर अवलंबून नसते. ब्रिटनमधील पदव्युत्तर अभ्यासक्रम बहुधा एका वर्षाचा असतो, आणि त्यामुळे अनेकजण मुलाबाळांसह तेथे जात असत. जानेवारी २०२४ पासून सुरू होणाऱ्या अभ्यासक्रमांसाठी तेथील सरकारने ही वाट जवळजवळ बंद केली. संशोधनपर अभ्यासक्रमाचे आणि सरकारी शिष्यवृत्तीवरील विद्यार्थी सोडले तर इतरांना कुटुंब नेता येत नाही. ज्यांना नेता येते त्यांच्या मुलांसाठीही तेथील आरोग्यसेवेचा अधिभार भरावा लागतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये तो दर मुलामागे वर्षाला ७७६ पौंड ठरविण्यात आला. अमेरिकेत विनिमय योजनेखाली जाणाऱ्याने आपल्याबरोबर कुटुंबीयांचाही आरोग्यविमा उतरविणे बंधनकारक आहे. एकट्याला पुरेल अशी शिष्यवृत्ती चौघांना पुरत नाही, आणि काटकसरीची पहिली झळ मुलांच्या आहाराला व खेळण्या-बागडण्याला लागते. हा हिशेब विमानाची तिकिटे काढण्यापूर्वी मांडला गेला पाहिजे.

लसीकरणासारखी साधी गोष्ट घ्या. आपल्या सरकारी कार्यक्रमात मुलांना गोवर व रुबेला यांची लस मिळते. गालगुंड आणि कांजिण्या यांच्या लसी त्या कार्यक्रमात नाहीत. अमेरिकेतील शाळा मात्र या दोन्ही लसींचा दाखला मागतात. आपल्या मुलांना जन्मतः क्षयप्रतिबंधक बीसीजी लस टोचलेली असते. तिच्यामुळे क्षयाची त्वचाचाचणी कित्येकदा सकारात्मक येते आणि निरोगी मुलाच्या आईबापांच्या तोंडचे पाणी पळते. रक्तावर केल्या जाणाऱ्या चाचणीवर या लसीचा परिणाम होत नाही, एवढे ठाऊक असले तरी अकारण मनस्ताप टळतो. लसीकरणाचे कार्ड, जन्मदाखला आणि शाळेचे प्रगतिपुस्तक ही तीन कागदपत्रे इंग्रजी भाषांतरासह जवळ असली, तर परक्या शाळेच्या दारात खेटे घालावे लागत नाहीत.

शाळेत प्रवेश मिळाला म्हणजे काम भागले असेही नाही. नव्या भाषेच्या वर्गात बसलेले लहान मूल पुष्कळदा काही आठवडे, क्वचित काही महिने, जवळजवळ मुके होते. ते ऐकत असते, समजून घेत असते, पण बोलत नाही. शिक्षणशास्त्रज्ञांना ही अवस्था परिचित आहे आणि बहुतेक मुले तीतून आपोआप बाहेर येतात. येथील बोलके, हजरजबाबी मूल तेथे गप्प झालेले पाहून आईबाप मात्र हवालदिल होतात, आणि इथेच त्यांच्या हातून दुसरी चूक होते. मुलाला लवकर रुळवावे म्हणून ते घरातही इंग्रजी बोलू लागतात. दिवसभर परक्या भाषेच्या ओझ्याखाली वाकलेल्या मुलाला घर हा एकच विसावा असतो, आणि हा विसावाही त्याच्यापासून हिरावून घेतला जातो.

लहान मूल जितक्या लवकर नवी भाषा उचलते तितक्याच लवकर जुनी विसरते, हे सत्य आपण सोयीस्करपणे विसरतो. कोरियातून फ्रान्समध्ये दत्तक गेलेल्या आणि पुढे प्रौढ झालेल्या काही व्यक्तींचा अभ्यास २००३ साली प्रसिद्ध झाला. तीन ते आठ वर्षांच्या वयात मायदेश सोडलेल्या या माणसांना आपली जन्मभाषा ओळखूही आली नाही. त्यांचा मातृभाषेशी संबंध समूळ तुटला होता. आईबापांसह वर्षभर परदेशी राहणाऱ्या मुलाची स्थिती तशी नसते, हे उघड आहे. तथापि त्या अभ्यासाचा बोध स्पष्ट आहे. लहानपणीची भाषा पाषाणावर कोरलेली नसते, ती रोज पाणी घालून जगवावी लागते. हाच नियम उलट दिशेनेही लागू पडतो. ज्या इंग्रजी उच्चारांचे कौतुक करता करता आईबापांना धन्यता वाटते, ते उच्चारही परतल्यावर सरावाअभावी थोड्याच काळात विरून जातात. मग ज्याच्यासाठी मराठी गमावली ते इंग्रजीही हाती राहत नाही. रोज अर्धा तास मराठी वाचन आणि घरात निखळ मराठी बोलणे, एवढ्याने हा तोटा बव्हंशी टळू शकतो. बालभारतीची पाठ्यपुस्तके आता संगणकावर विनामूल्य उपलब्ध आहेत. लंडनचे महाराष्ट्र मंडळ १९३२ पासून उभे आहे, उत्तर अमेरिकेतील मंडळांचे बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१ पासून काम करीत आहे, आणि तिकडील अनेक गावांत सुटीच्या दिवशी मराठी शाळा भरतात. साधने आहेत, हवी आहे ती इच्छा.

या सगळ्याचा भार घरात कोणावर पडतो? बहुतेक घरांत तो मुलांच्या आईवर पडतो. जाणाऱ्याच्या रजेची तरतूद नियमांत असते. केंद्र सरकारच्या १९७२ च्या रजा नियमांनुसार अभ्यासरजा एका वेळी सामान्यतः बारा महिन्यांपर्यंत मिळू शकते. बरोबर जाणाऱ्या जोडीदाराला मात्र बिनपगारी रजेसाठी वरिष्ठांच्या मर्जीवर अवलंबून राहावे लागते, आणि खाजगी वा कंत्राटी नोकरी असेल तर राजीनाम्यावाचून मार्ग नसतो. परदेशात पोहोचल्यावर तिला ना आपले काम असते, ना शेजार, ना मुलाला घटकाभर सांभाळणारी सासू वा आई. पतीच्या नावापुढे वर्षअखेरीस एक प्रबंध जमा होतो, तिच्या सेवापुस्तकात मात्र खंड पडतो. स्त्रीला शिष्यवृत्ती मिळाली आणि पतीने बरोबर जाऊन मुलांना सांभाळले, अशी उदाहरणे आता दिसू लागली आहेत. त्यांची संख्या वाढेल तर बरे. पण भार कोणीही उचलो, तो आधी मोजला गेला पाहिजे आणि वाटून घेतला गेला पाहिजे.

मुलांना वाढविण्याच्या पद्धती सर्वत्र सारख्या नसतात, याची जाणीवही असावी. नॉर्वेमध्ये २०११ साली एका भारतीय दांपत्याची दोन लहान मुले तेथील बालकल्याण यंत्रणेने ताब्यात घेतली. हाताने भरविणे, मुलांना जवळ घेऊन झोपणे यांसारख्या सवयींचा विपर्यास झाला, असे पालकांचे म्हणणे होते; सवयींतील फरक हे आपल्या कारवाईचे कारण नव्हे, असे तेथील अधिकाऱ्यांनी सांगितले. दोन्ही सरकारे त्यात पडली आणि एप्रिल २०१२ मध्ये मुले नातेवाइकांबरोबर भारतात परतली. अशी प्रकरणे विरळा असतात आणि त्यांचा बाऊ करण्याचे कारण नाही. परंतु मुलाला एकटे घरी ठेवणे, मोटारीत मांडीवर घेऊन बसणे, रागाने चापट मारणे, या गोष्टी आपल्याकडे जितक्या सहजपणे चालतात तितक्या तेथे चालत नाहीत. जेथे राहावयाचे तेथला बालकांविषयीचा कायदा समजून घेणे हे पाहुण्याचे कर्तव्य आहे.

मग मुलांना येथेच आजी-आजोबांजवळ ठेवावे काय? पूर्वी अनेकांनी तसे केले. शाळा तुटत नाही, भाषा टिकते, खर्च वाचतो, हे त्याचे फायदे आहेत. पण तीन-चार वर्षांच्या मुलाला वर्षभराचा आईचा वा बापाचा विरह समजावून सांगता येत नाही, आणि थकलेल्या आजी-आजोबांवर लहान मुलांचा भार टाकणे हेही न्यायाचे नाही. दहावीच्या उंबरठ्यावरील मुलासाठी येथे राहणे हिताचे ठरेल, तर शिशुवर्गातल्या मुलासाठी आईबापांजवळ असणे. सर्वांना लागू पडेल असा एकच नियम येथे नाही. एवढे मात्र निश्चित म्हणता येईल की, जे मूल आपले मत सांगू शकते त्याला ते विचारले पाहिजे. राष्ट्रसंघाच्या १९८९ च्या बालहक्क संहितेत मुलाचे म्हणणे ऐकून घेण्याचे तत्त्व आहे आणि १९९२ साली भारताने ती संहिता स्वीकारली आहे. आपल्या घरांत मात्र हे तत्त्व अद्याप पुरते शिरलेले नाही.

खरी कसोटी लागते ती परतल्यावर. पाश्चात्त्य देशांतील शालेय वर्ष ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये सुरू होते, आपल्या राज्य मंडळाच्या शाळा जूनमध्ये उघडतात. दुसरीचे दोन महिने येथे काढून गेलेले मूल पुढल्या ऑगस्टमध्ये परत येते तेव्हा त्याच्या वयाची मुले तिसरीचे दोन महिने शिकून चुकलेली असतात. शिवाय २०२० च्या कायद्याने राज्यातील सर्व शाळांत मराठी विषय सक्तीचा केला आहे, आणि वर्षभर मराठी न वाचलेले मूल नेमके तेथेच अडखळते. अशा वेळी कित्येक शाळा पालकांना दोन पर्याय देतात : मुलाला एक वर्ष मागे बसवा, नाहीतर नव्याने प्रवेश घेऊन नव्याने पैसे भरा. वस्तुतः २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या चौथ्या कलमाचा आशय याच्या उलट आहे. सहा वर्षांवरील मुलाचे शिक्षण काही कारणाने राहून गेले असेल, तर त्याला वयानुरूप वर्गात घ्यावे आणि बरोबरीला आणण्यासाठी विशेष प्रशिक्षण द्यावे, असे ते कलम सांगते. मूल हुकले तर शाळेने हात द्यावा हे त्यातील तत्त्व आहे. शाळेने दार लावून घ्यावे, असे त्यात कोठेही म्हटलेले नाही.

हे कलम परदेशवारी करून आलेल्यांसाठी मुख्यतः केलेले नव्हते. ते होते ऊसतोड कामगारांच्या, वीटभट्टीवरील मजुरांच्या मुलांसाठी. मराठवाड्यातून दिवाळीच्या सुमारास हजारो कुटुंबे साखर कारखान्यांकडे निघतात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. त्यांची मुलेही दरसाल उपटली जातात, तीही दोनदा, आणि एका वर्षापुरती नव्हे तर प्रत्येक वर्षी. त्यांच्या या प्रवासाला कोणी ‘अनुभव’ म्हणत नाही, त्याला ‘गळती’ म्हणतात. ज्या शाळेत परदेशातून आलेल्या मुलाचे उच्चार कौतुकाने ऐकले जातात, त्याच प्रकारच्या शाळेत फडावरून आलेल्या मुलाच्या बोलीला हसले जाते. स्थलांतर करणाऱ्या मुलांबरोबर त्यांच्या शिक्षणाची नोंद जावी म्हणून राज्यात शिक्षण हमी पत्रकाची पद्धत आहे. तिची अंमलबजावणी मनापासून झाली तर तिचा लाभ फडावरच्या मुलाला व्हावा, आणि बोस्टनहून परतलेल्यालाही. न्याय एकच असला पाहिजे : मूल कोठून का येईना, त्याचे वर्ष वाया गेलेले नाही असे गृहीत धरून शाळेने त्याचे स्वागत करावे.

हे अशक्य नाही, हे जपानने दाखवून दिले आहे. परदेशी नेमणुकीवर गेलेल्या जपानी कुटुंबांची मुले परतत तेव्हा १९६० आणि १९७० च्या दशकांत त्यांच्याकडे एक अडचण म्हणूनच पाहिले जाई. त्या देशाने हा प्रश्न केवळ पालकांवर सोडून दिला नाही. परदेशी जपानी शाळा काढल्या, तेथे मायदेशातून शिक्षक पाठविले, शनिवारच्या पूरक शाळांना साहाय्य केले, परदेशातील मुलांना पाठ्यपुस्तके विनामूल्य पुरविली, आणि परतणाऱ्यांसाठी अनेक शाळा व विद्यापीठांत प्रवेशाची वेगळी सोय केली. जी मुले ओझे वाटत होती ती पुढे देशाचे भांडवल मानली जाऊ लागली. जपानची संपत्ती आपल्यापाशी नाही, हे मान्य. पण शिक्षण खात्याने एक स्पष्ट परिपत्रक काढावे, शाळेने वर्षभर मुलाची जागा राखावी व परतल्यावर दोन-तीन महिने त्याला मराठीचे जादा पाठ द्यावेत, कचेऱ्यांनी बरोबर जाणाऱ्या जोडीदाराच्या रजेकडे सेवेतील खंड म्हणून पाहू नये, यासाठी फारशी संपत्ती लागत नाही. त्यासाठी लागते ती थोडी कल्पकता आणि पुष्कळशी सहानुभूती.

शिक्षकवर्गाची जबाबदारी यात विशेष आहे. परतलेले मूल वर्गात बसते तेव्हा त्याच्यापाशी सांगण्यासारखे पुष्कळ असते : बर्फ, निराळे खेळ, निराळी माणसे. ते सांगण्याची संधी त्याला दिली तर सारा वर्ग भूगोल शिकेल. त्याची मराठी अडखळली म्हणून त्याला टोकले, किंवा त्याच्या इंग्रजीचे अवास्तव स्तोम माजविले, तर दोन्ही मार्गांनी ते सवंगड्यांपासून तुटेल. आईबापांनीही परतल्यावर पाहुण्यांसमोर मुलाकडून परदेशी उच्चारांचे प्रदर्शन मांडण्याचा मोह आवरावा. मूल ही मिरविण्याची वस्तू नव्हे.

परदेशी जाण्याला विरोध करण्याचे कारण नाही. जग पाहिलेले मूल अधिक उदार मनाचे होण्याचा संभव असतो, आणि आपलीच रीत ही एकमेव रीत नव्हे हे लहानपणी उमगणे ही मोठी मिळकत आहे. परंतु ही मिळकत आपोआप होत नाही. ज्या घरात मुलाच्या वर्षाचा हिशेब आईबापांच्या वर्षाइतक्याच काळजीने मांडला जातो, ज्या घरात मायबोली जागती ठेवली जाते आणि परतीची वाट आधी आखली जाते, त्याच घरात ती होते. वर्षाअखेरीस प्रबंध पूर्ण झाला, बढती मिळाली, चार पैसे शिल्लक पडले, एवढ्यावर त्या वर्षाचे यश मोजता येणार नाही. मुलाने या वर्षात काय मिळविले आणि काय गमावले, हे विचारल्यावाचून त्याचा जमाखर्च पुरा होत नाही.